‘उद्या नक्की’ म्हणणारा माणूस आळशी असतो का?

२०२५ मध्ये महाराष्ट्रात जुन्या गाड्यांच्या नंबरप्लेटचं काय झालं ते आठवून बघा. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवून घ्यायची होती. मुदत होती ३१ मार्च. ती सरकत सरकत ३० जूनवर गेली, मग १५ ऑगस्टवर, मग ३० नोव्हेंबरवर. प्लेट बसवणारी केंद्रं कमी होती, अपॉइंटमेंट मिळत नव्हत्या, या तक्रारी खऱ्याच. पण ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेव्हा आणखी एक वाक्य ऐकू यायचं: ‘अहो, वाढवतायत मुदत, बघू!’ त्याच वर्षी प्राप्तिकर विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली. तब्बल दीड महिना जादा. आणि १५ तारखेला पोर्टल अडखळू लागलं, म्हणून आणखी एक दिवस वाढवून द्यावा लागला.

जास्त वेळ मिळाला की काम निवांत आणि वेळेत होईल, असं आपल्याला वाटतं. १९९२ मध्ये अमॉस ट्वर्स्की आणि एल्डार शफीर या मानसशास्त्रज्ञांनी एका साध्या प्रयोगाचे निकाल छापले. विद्यार्थ्यांना एक लांबलचक प्रश्नावली दिली आणि ती भरून परत आणली तर पाच डॉलर देऊ, असं सांगितलं. एका गटाला मुदत पाच दिवसांची, दुसऱ्याला तीन आठवड्यांची, तिसऱ्याला मुदतच नाही. पाच दिवसवाल्यांपैकी ६० टक्क्यांनी प्रश्नावली आणून दिली, तीन आठवडेवाल्यांपैकी ४२ टक्क्यांनी, आणि ज्यांना मुदतच नव्हती त्यांच्यापैकी फक्त २५ टक्क्यांनी. कागद तोच, पैसे तेवढेच.

नंबरप्लेट आयुष्यात एकदा बसवायची असते. ऑफिसात चालढकलीचा हा खेळ रोज चालतो. तो कसा चालतो हे बघायला दोन माणसं सोबत घेऊ. दोघंही काल्पनिक, पण ओळखीची वाटतील. एक आहे ऐरोलीच्या आयटी कंपनीतली टीम लीड. राहते घोडबंदर रोडला. तिला वर्षाच्या अप्रेझलचा फॉर्म भरायचा आहे, ज्यात आपण काय काय केलं हे आपणच लिहायचं असतं. दुसरे आहेत वागळे इस्टेटमध्ये छोटं मशीन शॉप चालवणारे काका. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे त्यांचं जॉबवर्कचं बिल चार महिने थकलं आहे, आणि फोन करून पैसे मागायचे आहेत. फॉर्म फार तर दोन तासांचा, फोन पाच मिनिटांचा. दोन्ही कामांचं दोन आठवडे भिजत घोंगडं पडलंय.

प्रत्येक उशीर म्हणजे चालढकल नव्हे

रोजच्या बोलण्यात आपण सगळ्याच उशिराला चालढकल म्हणतो, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग आलं नाही म्हणून काकांनी जॉब लेथवर चढवला नाही, तर ती चालढकल नाही. सर्व्हर बसला म्हणून टीम लीडने फॉर्म बाजूला ठेवून दिवसभर तो निस्तरला, तर तेही नाही. अभ्यासक चालढकल म्हणतात ते तीन अटी पुऱ्या झाल्यावर. काम करायचं हे तुम्ही स्वतः ठरवलेलं असतं. ते लांबणीवर टाकायला बाहेरचं काही कारण नसतं. आणि लांबवलं तर आपलंच नुकसान आहे, हेही तुम्हाला पक्कं ठाऊक असतं.

या तिसऱ्या अटीमुळे आळसाची व्याख्या इथे लागू पडत नाही. आळशी माणसाला काम न झाल्याचं सोयरसुतक नसतं. चालढकल करणाऱ्याला असतं, रात्री झोपताना तर फारच असतं. शिवाय तो दिवसभर रिकामा बसलेला नसतो. फॉर्म भरायला म्हणून बसलेली टीम लीड आधी इनबॉक्स साफ करते, मग एका जुन्या एक्सेल शीटच्या रकान्यांना रंग देते, मग टीममधल्या नव्या मुलाचा कोड तपासून देते. काका त्याच दोन आठवड्यांत भंगार विकतात, ऑइलचे डबे ओळीने लावतात, दुकानाची पाटी रंगवून घेतात. संध्याकाळी दोघंही खरोखर दमलेले असतात. ‘जरा कामाला लागा’ हा साहेबी उपदेश अशा माणसावर वाया जातो, कारण तो कामालाच लागलेला असतो. फक्त दुसऱ्या कामाला.

मग टाळतो ते नेमकं काय?

चालढकलीचा प्रश्न वेळापत्रकाचा कमी आणि मनःस्थितीचा जास्त आहे, अशी मांडणी २०१३ मध्ये फ्युशिया सिरॉय आणि टिमथी पिचल यांनी केली. तिला आता या विषयात बरीच मान्यता आहे. थोडक्यात असं: एखादं काम समोर आलं की त्याच्यासोबत एक नकोशी भावना येते. कंटाळा, धास्ती, संकोच, ‘आपल्याला जमणार नाही’ अशी शंका, कधी नुसताच राग. ते काम बाजूला सारलं की ती भावनाही बाजूला होते, लगेच. काम तसंच राहतं, पण या घडीला बरं वाटतं.

काकांचंच बघा. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचं बिल, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं. नाही केलं तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. काकांची नोंदणी आहे आणि हा नियम त्यांना पाठ आहे. कायदा त्यांच्या बाजूने, पैसे त्यांचे, फोन खिशात. तरीही नंबर काढला की पोटात गोळा येतो, कारण समोरचा वीस वर्षांचा ओळखीचा आहे, मुलीच्या लग्नाला आलेला आहे. तो ‘तुम्हीसुद्धा?’ असं म्हणाला तर? पुढचं काम दुसऱ्याला दिलं तर? ‘सोमवारी करू’ असं मनाशी म्हटलं की गोळा विरतो.

ही जी तत्काळ सुटका मिळते, ती या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली आहे. टाळलं की बरं वाटलं, हा धडा मन दरवेळी गिरवतं. पुढच्या वेळी तोच नंबर दिसला की टाळण्याची इच्छा आधीपेक्षा लवकर येते. मधल्या काळात काम तेवढंच असलं तरी त्याच्याभोवतीची लाज वाढत जाते: आता इतके दिवस झाले, आता काय तोंडाने फोन करायचा? पाच मिनिटांचा फोन दोन आठवड्यांत असा डोंगराएवढा होतो.

आजचा रुपया आणि तेरा महिन्यांनंतरचा

दुसरा धागा काळाच्या अंतराचा आहे. कुणी विचारलं, आज ५०० रुपये घेता की महिन्याने ६००, तर बरेच जण आजचे ५०० उचलतील. पण तोच प्रश्न असा विचारला, की बारा महिन्यांनी ५०० घेता की तेरा महिन्यांनी ६००, तर बहुतेकांना तेरावा महिना परवडतो. दोन्हीकडे वाट एकाच महिन्याची बघायची आहे. तो महिना आत्ताचा असला की सोसवत नाही, लांबचा असला की आपण सगळे मोठे शहाणे असतो. म्हणूनच रविवारी रात्री आखलेला सोमवार इतका भरगच्च आणि कर्तबगार असतो, आणि प्रत्यक्षातला सोमवार उजाडला की आखणारा माणूस कुठे गेला ते कळत नाही.

कॅल्गरी विद्यापीठातले पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरच्या तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला आणि एक समीकरणही मांडलं. आकडेमोड बाजूला ठेवून त्याचा अर्थ घेऊ. कामाची ओढ दोन गोष्टींनी वाढते: आपल्याला हे जमेल हा भरवसा, आणि केल्याने काही हाती लागेल ही खात्री. ती दोन गोष्टींनी घटते: फळ किती लांब आहे, आणि आपण किती चटकन विचलित होतो.

आता या चार गोष्टी टीम लीडच्या फॉर्मला लावा. भरवसा? गेल्या वर्षी एवढं लिहूनही रेटिंग जैसे थे राहिलं होतं. हाती काय लागेल? रेटिंगचे कोटे वरूनच ठरून येतात अशी कुजबुज सगळ्या मजल्यावर आहे. फळ किती लांब? पगारवाढीचं पत्र तीन महिन्यांनी. विचलित व्हायला वाव? चॅटची टुणटुण, व्हॉट्सॲपवरचा शाळेच्या पालकांचा ग्रुप, शेजारच्या टेबलावरची पिकनिकची चर्चा. चारही बाजूंनी ओढ तळाला गेली आहे. अशा कामाला तिने आपणहून हात घातला असता तर नवल होतं! या समीकरणाचा मला आवडणारा भाग हा, की दोष माणसाच्या स्वभावात शोधण्याआधी कामाच्या घडणीत शोधायला ते भाग पाडतं.

यात भर पडते आपल्या अंदाजांची. १९९४ मध्ये कॅनडात झालेल्या एका अभ्यासात पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं. सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवसांचा. सगळंच बिघडलं तर किती लागतील, असं विचारल्यावर ते सुमारे ४९ म्हणाले. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे सगळ्यांत वाईट अंदाजही आशावादीच निघाला.

‘शेवटी मनोनिग्रहच हवा, बाकी सगळे बहाणे!’

हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो, विशेषतः ज्यांनी कंदिलाखाली अभ्यास केला त्या पिढीकडून, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पण मनोनिग्रह म्हणजे नेमकं काय, याबद्दल शास्त्रज्ञांचंही मत गेल्या काही वर्षांत बरंच हललं आहे.

१९९८ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी एक गाजलेला प्रयोग केला. ताज्या चॉकलेट बिस्किटांच्या वासात बसवून काही जणांना फक्त मुळा खायला सांगितलं. नंतर न सुटणारं कोडं दिलं, तेव्हा मुळेवाल्यांनी बिस्किटं खाणाऱ्यांपेक्षा लवकर हात टेकले. निष्कर्ष असा निघाला, की मनोनिग्रह वापरला की संपत जातो. हा सिद्धांत वर्षानुवर्षं सांगितला गेला. मग २०१६ मध्ये जगभरातल्या २३ प्रयोगशाळांनी, दोन हजारांहून जास्त माणसांवर, एकाच पद्धतीने या सिद्धांताची पडताळणी करून पाहिली. परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण ‘दुपारनंतर माझा मनोनिग्रह संपतो’ असं छातीठोकपणे सांगायचे दिवस गेले.

त्याहून कामाचा निष्कर्ष २०१२ मधला आहे. जर्मनीत विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०५ प्रौढांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं: आत्ता कसला मोह होतोय? तो परतवताय का? ज्यांच्याकडे संयम जास्त आहे असं चाचण्यांत दिसलं होतं, ते दिवसभर मोहांशी झुंजत असतील अशी कल्पना होती. आढळलं भलतंच. त्यांना झुंजावं लागण्याचे प्रसंगच कमी येत होते. आपल्याला जी माणसं कमालीची शिस्तीची वाटतात, ती बहुधा दात-ओठ खाऊन बसलेली नसतात. त्यांनी दिवसाची मांडणीच अशी केलेली असते, की दात-ओठ खायची वेळ क्वचित येते.

मग आजोबांच्या कंदिलाचं काय? आजोबांचा निग्रह मोठा असेलही, पण त्या कंदिलाखाली दुसरं काही करण्यासारखंही नव्हतं.

मेथी रात्री निवडायची

सकाळी सातची गाडी पकडणाऱ्या कुठल्याही बाईला हे तत्त्व शिकवावं लागत नाही. डब्याला मेथी न्यायची असेल तर ती रात्रीच टीव्हीसमोर निवडून ठेवायची. पहाटे साडेपाचला समोर मातीने भरलेली जुडी असेल तर डब्यात बटाटाच जाणार. निवडलेली मेथी समोर असली की पहाटे वेगळी इच्छाशक्ती लागत नाही, फोडणीच तर टाकायची असते. निर्णय घ्यायची वेळ आणि राबायची वेळ तिने वेगळी केलेली असते, आणि किचकट भाग अशा वेळी उरकलेला असतो जेव्हा तो जड जात नाही.

ऑफिसातल्या कामाची मेथी निवडणं म्हणजे काय? पहिली गोष्ट, कामाचं नाव बदलणं. ‘अप्रेझल’ हे काम नाही, तो एक ढग आहे. ‘मार्चमध्ये संपलेल्या मायग्रेशनबद्दल तीन ओळी लिहिणं’ हे काम आहे. काकांच्या डायरीत ‘वसुली’ असं लिहिलं असेल तर ते वर्षभर तसंच राहील. ‘अमुक नंबरचं बिल, इतकी रक्कम, कधी पाठवताय एवढंच विचारायचं’ असं लिहिलं की अर्धी भीती उतरते, कारण काय बोलायचं ते ठरलेलं असतं. डायरीत किंवा फोनमध्ये क्रियापद नसलेली नोंद दिसली तर ती चालढकलीची आगाऊ पावती समजावी. हा माझा नियम, संशोधकांचा नव्हे.

दुसरी गोष्ट, ‘केव्हा’ हे घड्याळाऐवजी घटनेला बांधणं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर आयुष्य घातलं आहे. त्यांच्या पद्धतीत वाक्य ‘अमुक झालं, की मी तमुक करीन’ असं बांधायचं. १९९७ मध्ये छापलेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ कशी गेली याचा अहवाल ४८ तासांत लिहायला सांगितला होता. ऐन सुट्टीत! कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच ठरवलं, त्यांच्यापैकी दहातल्या साधारण सात जणांनी तो लिहिला. बाकीच्यांपैकी दहातल्या तिघांनी. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही फरक चांगला ठळक दिसला.

टीम लीडसाठी हे वाक्य असं होईल: ‘लॅपटॉप उघडला, की मेलच्या आधी ती फाइल उघडून तीन ओळी लिहीन.’ काकांसाठी: ‘साडेदहाचा चहा आला, की कप खाली ठेवायच्या आत तो फोन.’ चहा रोज येतोच, त्यामुळे आठवण ठेवण्याचं काम चहावाल्याकडे गेलं. ‘उद्या सकाळी करीन’ या वाक्यात असं काहीच नाही. उद्याची सकाळ नेमकी कोणत्या क्षणी सुरू होते, हे कुणालाच सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट, मोह जरा लांब नेणं. फोन टेबलावर पालथा ठेवणं ही सवलत झाली. बॅगेत, बॅग खणात, खण बंद, हा बंदोबस्त झाला. इटलीच्या फ्रांचेस्को सिरिलो यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर लावून पंचवीस मिनिटांच्या बैठका सुरू केल्या. आज जगभर ‘पोमोडोरो’, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो, याच नावाने ही युक्ती चालते. पंचवीसच का, याला फारसा आधार नाही. पंधराही चालतात. मुद्दा एवढाच, की शेवट दिसत असलेलं काम सुरू करायला सोपं जातं.

आणि चौथी, सवय. एकवीस दिवसांत सवय लागते, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. तो आकडा मुळात एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला, प्रयोगातून नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ माणसांवर अभ्यास केला तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तेव्हा बावीसाव्या दिवशीही फाइल उघडायला जिवावर येत असेल, तर तुमच्यात काही कमी आहे असं नाही. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

‘पण मला शेवटच्या क्षणीच सुचतं’

शेवटच्या क्षणी काम होतं, हे खरं आहे. वरच्या समीकरणातलं अंतर शून्यावर आलं की ओढ आपोआप उसळते. मात्र तेव्हा जे होतं ते चांगलंच होतं, असा पुरावा नाही. डायॅन टाइस आणि बाउमाइस्टर यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांचा सत्रभर माग ठेवला. चालढकल करणारे सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत आणि निरोगी होते, म्हणजे टाळण्याचा फायदा खराखुरा होता. सत्र संपताना तेच जास्त तणावात आणि जास्त आजारी होते. दोन्ही टप्पे मिळून हिशेब केला तर तोटाच भरला, आणि गुणही कमी पडले.

शेवटच्या क्षणी उत्तम सुचलेलं आपल्याला आठवतं. आठ दिवस आधी बसलो असतो तर काय सुचलं असतं, हे पडताळायला मिळत नाही. शिवाय ऐन वेळी केलेल्या कामाचा भार बहुधा दुसऱ्यावर पडतो: रात्री अकराला आलेली फाइल तपासणाऱ्यावर, नाहीतर शनिवारी बोलावलेल्या वेल्डरवर.

‘इथे प्रवासातच जीव जातो, शिस्त कुठून आणायची?’

हा आक्षेप मात्र मुंबई महानगरातल्या माणसाने केला तर निमूट ऐकून घ्यावा. कापूरबावडीच्या सिग्नलला अर्धा तास, मग ठाणे स्टेशनच्या दहा नंबर फलाटावर ट्रान्सहार्बर लोकलसाठी उभं राहायचं, मग ऐरोलीला उतरून शेअर रिक्षाची रांग. एवढं करून खुर्चीत टेकलेल्या माणसाने पहिली वीस मिनिटं चहा आणि बातम्यांत घालवली तर त्याला चालढकल म्हणणं क्रूरपणा आहे. त्याला विश्रांती म्हणतात.

प्रवासात काम करा, असा सल्ला म्हणून मी देणार नाही. दाराशी लटकून कुणी अप्रेझल लिहीत नसतं. घरून काम करणाऱ्यांचीही वेगळी रडकथा आहे. तिथे ऑफिस सुरू झाल्याची खूण करणारी घटनाच नसते: पंचिंग नाही, लिफ्ट नाही, ‘गुड मॉर्निंग’ नाही. अशांनी ती घटना मुद्दाम घडवावी लागते. सकाळी इमारतीखाली एक फेरी मारून परत येऊन ठरलेल्या खुर्चीत बसणं इतकी साधी असली तरी चालते, फक्त तिच्यानंतर काय उघडायचं ते आदल्या संध्याकाळी ठरलेलं हवं.

स्वतःला झापून काही होतं का?

फारसं नाही. कॅनडात मायकेल वोल, पिचल आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. ऐकायला हे लाड वाटतात. पण चालढकल जर नकोशा भावनेपासून पळणं असेल, तर त्यावर अपराधाची आणखी एक नकोशी भावना चढवली की पळायला कारण वाढतं.

याच्या पलीकडचा एक टप्पा आहे. बिल भरणं, आंघोळ, आवडत्या माणसाचा फोन, सगळंच आठवडे-महिने लांबू लागलं, कशातच मन लागेना, किंवा लहानपणापासून लक्ष एका जागी टिकतच नाही असं असेल, तर मागे नैराश्य, चिंता किंवा लक्ष न टिकण्याचा विकार असू शकतो. तिथे मेथी आणि चहावाला पुरणार नाहीत, डॉक्टर लागतो. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर मराठीतूनही मिळते.

आणि साहेब?

या विषयावरचे बहुतेक सल्ले कर्मचाऱ्याला सुधारायला निघालेले असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच सल्ल्यांचं मला आश्चर्य वाटतं. कारण समीकरणातल्या चारांपैकी निदान तीन खुंट्या काम देणाऱ्याच्या हातात असतात. ‘ते जरा बघून घे’ असं सांगून दिलेलं काम अडणार, यात नवल नाही. काय बघायचं, कुठवर, आणि झालं हे कशावरून समजायचं, हे काहीच माहीत नसलेल्या माणसाला भरवसा येणार कुठून? ‘आरामात कर, घाई नाही’ हे दिलदारीचं वाक्य म्हणजे तर पाच डॉलरवाल्या प्रयोगातला तिसरा गट. आणि केलेल्या कामावर महिनाभर कुणी ब्रसुद्धा काढला नाही, तर पुढच्या वेळी फळ आणखी लांब दिसतं.

महिनाअखेरीची एकच मुदत देण्यापेक्षा ‘बुधवारी कच्चं दाखव, अर्धवट चालेल’ असं म्हटलं तर खूप काही बदलतं. काम लहान होतं, फळ जवळ येतं, आणि ‘परिपूर्ण झाल्याशिवाय दाखवायचं कसं’ ही धास्ती जाते. साहेबांनी असं सांगितलं नाही तर आपणच मागून घ्यावं: ‘सर, बुधवारी दहा मिनिटं मिळतील का? जेवढं झालंय तेवढं दाखवतो.’ नकार क्वचित मिळतो. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘हो हो, आठवण कर, बघू.’ मग बुधवारी आठवण करायची, आणि कॅलेंडरचं आमंत्रण मंगळवारीच पाठवून ठेवायचं. त्यांचीही मेथी कुणीतरी निवडावी लागते.